मानवशास्त्राच्या वाटेने आलेले फ्रीलान्स संपादक आणि लेखक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मानवशास्त्रात एम. ए. केलं आणि मग पुस्तकांच्या संपादनाकडे वळले. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत फ्रीलान्स काम करते, अधूनमधून स्वतःचंही लिहिते. विद्यार्थी, लेखक आणि छोटे प्रकाशक मला फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रश्न आले तसेच ठेवले आहेत, विचारणाऱ्यांचं नावगाव तेवढं काढलं आहे. सोपे आधी, अडचणीचे नंतर.

१. मानवशास्त्रवाले आदिवासींचा अभ्यास करतात ना? मग पुस्तकाच्या संपादनात त्यांचं काय काम?

आदिवासींचाही करतात. बँकेतल्या, कोर्टातल्या, हॉस्पिटलातल्या माणसांचाही करतात. एका ठिकाणी महिनोन्‌महिने राहायचं, लोक काय म्हणतात आणि प्रत्यक्षात काय करतात हे दोन्ही टिपायचं, रात्री जागून नोंदी लिहायच्या आणि शेवटी त्या गठ्ठ्यातून वाचण्याजोगं काहीतरी उभं करायचं, असं हे शिक्षण असतं. त्यातला निम्मा वेळ लिहिण्यात आणि लिहिलेलं खोडण्यात जातो.

संपादनात त्याचा उपयोग असा. हस्तलिखितात लेखक हजर असतो, वाचकही लेखकाच्या मनात हजर असतो. ज्याच्याविषयी लिहिलंय ते तिसरं माणूस मात्र बहुतेक वेळा गैरहजर असतं. करारावर त्याची सही नसते, मुद्रितं (प्रुफं) त्याच्याकडे जात नाहीत, प्रकाशन समारंभाला त्याला कुणी बोलावत नाही. आमच्यासारखा संपादक त्या तिसऱ्या माणसाच्या बाजूने अख्खं हस्तलिखित एकदा वाचतो. खालची बरीचशी उत्तरं त्या वाचनातून आली आहेत.

२. मुद्रितशोधन, भाषा-संपादन आणि तुम्ही करता ते संपादन यांत फरक काय?

मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, गळलेली ओळ, चुकलेला पृष्ठांक पाहतो. भाषा-संपादक वाक्यं सरळ करतो, पुनरुक्ती काढतो, शब्दांची एकवाक्यता सांभाळतो. आशय-संपादक, म्हणजे मी करते ते काम करणारा, विचारतो की हे प्रकरण इथेच का, आणि हे तुम्हाला कशावरून कळलं.

एका हस्तलिखितात वाक्य होतं, ‘कातकरी लोक आजही जंगलात निवांत जगतात.’ मुद्रितशोधनात ते सुखरूप सुटलं असतं. मी समासात लिहिलं: कोणत्या तालुक्यातले? कोणत्या महिन्यात? पाऊस सरला की कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला बाहेर पडतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. तुम्ही वाडीवर कधी गेला होतात? लेखक ऑगस्टमध्ये दोन दिवस गेला होता. त्याने तसं प्रामाणिकपणे लिहिलं, आणि ‘निवांत’ हा शब्द त्याने स्वतःच काढला.

३. माझं पुस्तक मानवशास्त्राचं नाही, साधी कादंबरी आहे (किंवा भाषांतर, आत्मचरित्र, गावाचा इतिहास). मला असा संपादक घेऊन काय मिळेल?

नात्यांचं एकच उदाहरण देते, कारण सगळ्यात जास्त घोटाळे तिथे होतात.

इंग्रजीतल्या ‘कझिन’ला मराठीत एक शब्द नाही. साताऱ्याकडच्या घराण्यावरची एक इंग्रजी कादंबरी मराठीत येत होती. तीत एका मुलीचं कझिनशी लग्न होतं. भाषांतरकाराने ‘चुलतभावाशी लग्न’ लिहिलं. मराठी वाचक तिथे दचकेल, कारण चुलतभाऊ हा भाऊच, एका कुळातला. तिचं लग्न झालं असणार आतेभावाशी, म्हणजे मुलाच्या बाजूने पाहिलं तर मामाच्या मुलीशी, आणि ते महाराष्ट्रातल्या पुष्कळ जातींत रीतीला धरून आहे. एक शब्द चुकला की घरंदाज सोयरिकीचं पाप होतं.

उलट्या दिशेलाही तेच. मराठीतली सून सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणते. इंग्रजीत ते ‘आंट’ आणि ‘अंकल’ झालं की वाचकाला वाटतं घरात पाहुणे आलेत. आणि ज्या विवाहपद्धतीत आत्याच सासू होत असे तिची खूण त्या हाकेत आहे, ती पुसली जाते. ‘ब्रदर-इन-लॉ’ दिसला की मी थांबतेच: दीर, मेहुणा, साडू की नणंदेचा नवरा? यांतल्या प्रत्येकाशी बोलण्याची, थट्टेची, पदर घेण्याची रीत वेगळी, म्हणजे कादंबरीतला पुढचा संवादही वेगळा.

इरावती कर्व्यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाने त्यातला निदान महाराष्ट्राचा भाग वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

४. मानवशास्त्र शिकून लेखक झालेली माणसं खरंच आहेत का?

भरपूर. आपल्याकडे पहिलं नाव इरावतीबाईंचंच. बर्लिनला डॉक्टरेट, पुण्यात डेक्कन कॉलेजात अध्यापन आणि संशोधन, आणि मराठीत ‘युगान्त’, ज्याला १९६८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. महाभारतातली माणसं त्या कुळ, वारसा, जमीन, लग्नसंबंध यांच्या हिशेबाने वाचतात, ते या शिक्षणाचं देणं. वारीवरच्या लेखात त्या स्वतः चालतात, आणि एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसतात हेही लिहून ठेवतात. भक्तीने भारावलेलं असतानाही पंगत कुठे तुटते ते पाहायचं, ही आमच्या विषयाची सवय. दुर्गा भागवतांनी लोकसाहित्याचा अभ्यास मराठीत शिस्तीने उभा केला आणि ललित गद्यही तितक्याच ताकदीने लिहिलं.

बाहेर पाहिलं तर अमिताव घोष यांची डॉक्टरेट ऑक्सफर्डची, सामाजिक मानवशास्त्रातली. त्यासाठी ते इजिप्तमधल्या खेड्यात राहिले. अमेरिकी लेखिका झोरा नील हर्स्टन या मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्या विद्यार्थिनी. त्यांच्याबद्दल प्रश्न ११ मध्ये. कर्ट व्हॉनेगट यांचा शिकागो विद्यापीठातला एम. ए.चा प्रबंध नाकारला गेला होता, पुढे १९७१ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांची एक कादंबरी प्रबंध म्हणून मान्य करून पदवी दिली.

संपादकांची नावं मात्र अशी सांगता येत नाहीत. ती ऋणनिर्देशात शेवटून दुसऱ्या ओळीत असतात, आणि पुष्कळदा तिथेही नसतात.

५. या कामाला पीएच. डी. लागते का?

नाही. क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांत राहून अभ्यास, केलेलं असावं लागतं, मग ते एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी का असेना. ज्याने स्वतः कुणाच्या ओसरीवर बसून माहिती मागितली आहे, त्याला दुसऱ्याच्या पुस्तकातली फुकाची माहिती लगेच ओळखू येते.

६. ताई, एम. ए. झालंय, नोकरी नाही. सुरुवात कुठून करू?

मुद्रितशोधनापासून. कंटाळवाणं वाटेल, पण प्रकाशनाची घडण तिथेच कळते: मुद्रणप्रत, पहिली मुद्रितं, दुसरी मुद्रितं, सूची, मलपृष्ठ. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम (१९६२चे १४ आणि १९७२चे ४) तोंडपाठ करा. ते मोडायचे असले तरी आधी यायला हवेत.

मग आपल्या विभागातले संशोधक विद्यार्थी. इंग्रजीत प्रबंध लिहिताना हाल होणारे हुशार मित्र-मैत्रिणी प्रत्येकाच्या बॅचमध्ये असतात. त्यांचं एखादं प्रकरण नीट करून द्या, पण पैसे घेऊन द्या, थोडे का असेनात. फुकट केलेल्या कामाची पुढे किंमत लावता येत नाही.

प्रकाशकाला लिहिताना ‘कोणतंही काम चालेल’ असं लिहू नका. ‘ग्रामीण आणि आदिवासी विषयांवरची पुस्तकं, समाजशास्त्रीय भाषांतरं, आत्मकथनं’ असं लिहा आणि दोन पानांचा संपादित नमुना जोडा, आधी आणि नंतर असा.

७. दर कसा ठरवायचा? पानावर, शब्दावर की फॉर्म्यावर?

बरेच मराठी प्रकाशक अजून फॉर्म्यावर, म्हणजे १६ पानांवर बोलतात. मुद्रितशोधनाला ते ठीक आहे. संपादनाला शब्द धरा, कारण टंक लहान केला की पानं कमी होतात आणि तुमचे पैसेही.

मी कधीच हस्तलिखित न पाहता आकडा सांगत नाही. मधली दहा पानं मागवते (सुरुवातीची नको, ती लेखकाने घासून पुसून ठेवलेली असतात), घड्याळ लावून संपादित करते, आणि तासाला किती शब्द होतात ते काढते. समजा तासाला १,००० शब्द झाले आणि पुस्तक ६०,००० शब्दांचं आहे, तर ६० तास. त्यावर दुसरं वाचन, लेखकाशी फोन, तळटीपांची तपासणी यांसाठी निदान चौथा हिस्सा. त्याला आपल्या तासाच्या दराने गुणायचं. किती फेऱ्या या पैशात आणि कितव्या फेरीपासून वेगळे, हे लिहून ठेवा. भांडणं दरावरून होत नाहीत, तिसऱ्या फेरीवरून होतात.

८. पुस्तक छापून आलं, पैसे आले नाहीत. काय करू?

माझ्या सुरुवातीच्या काळात एका प्रकाशकाने १४ महिने लावले होते, त्यामुळे हे उत्तर मी कळकळीने देते. सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करा. ती मोफत आहे आणि सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही करता येते. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार यासाठीच्या सरकारी सुविधा परिषदेकडे नेता येते. पण काम सुरू करण्यापूर्वी नोंदणी हवी. आणि अर्थातच आगाऊ रक्कम घ्या. मी तिसरा हिस्सा घेते.

९. जीएसटी भरावा लागतो का?

वर्षाची एकूण उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर सेवेसाठी नोंदणी साधारणतः लागत नाही. परदेशातल्या प्रकाशकांकडून पैसे येत असतील, तर सी. ए.ला एकदा भेटा. शंभर फॉरवर्ड वाचण्यापेक्षा ती फी स्वस्त पडते.

१०. माझ्या प्रबंधाचं पुस्तक करायचंय. नुसती भाषा सोपी केली की होईल का?

नाही होणार. प्रबंध परीक्षकांसाठी लिहिलेला असतो, त्यांना पटवायचं असतं की तुम्ही सगळं वाचलंय. पुस्तकाच्या वाचकाला ते पुराव्यानिशी नको असतं. पूर्वसंशोधनाचा आढावा हे प्रकरण जवळपास सगळं जातं, त्यातलं जे खरोखर लागतं ते जागोजागी एकेका वाक्यात येतं. ‘प्रस्तुत संशोधनात’ने सुरू होणारी वाक्यं जातात. गृहीतकं आणि निष्कर्ष यांची आरशासारखी मांडणी जाते.

संशोधन-पद्धतीचं प्रकरण बहुतेक जण फेकून देतात. मी ते सर्वांत आधी मागते. गावात पहिल्या दिवशी कुणाच्या घरी उतरलात, कोणती आळी तुमच्याशी तीन महिने बोलली नाही, दुभाषा कुणाचा नातेवाईक होता, ही माहिती तिथे कोरड्या भाषेत दडलेली असते. ती उलगडली की पुस्तकाचं पहिलं प्रकरण बऱ्याचदा तयार होतं.

११. मुलाखतीत लोक बोलीत बोललेत. छापताना शुद्ध करायचं का?

यावर मला सर्वांत जास्त मेल येतात.

झोरा नील हर्स्टन १९२७ पासून अलाबामात कुजो लुईस या वृद्धाला भेटल्या. १८६० मध्ये क्लोटिल्डा या जहाजातून गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी ते एक, मूळ नाव कोसोला. त्यांची कहाणी हर्स्टननी त्यांच्याच बोलीत लिहिली. १९३१ मध्ये एका प्रकाशनसंस्थेने बोली काढून प्रमाण इंग्रजीत लिहायला सुचवलं. हर्स्टननी नकार दिला. पुस्तक २०१८ मध्ये आलं, त्यांच्या मृत्यूनंतर ५८ वर्षांनी. नकाराची ही किंमत मी विसरत नाही, आणि तो नकार योग्य होता असंच मला वाटतं.

तरी ‘जसंच्या तसं ठेवा’ एवढं उत्तर पुरत नाही. लेखनाचे नियम प्रमाण मराठीसाठी आहेत, पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक आहे. पण पाहा, कुणाचं बोलणं आपण उच्चाराप्रमाणे लिहितो? हस्तलिखितात शेतमजूर बाई ‘म्या गेल्ये व्हते’ म्हणते आणि तहसीलदार मात्र ‘मी चौकशी करतो’ म्हणतो. तहसीलदारही प्रत्यक्षात ‘चौकशी करतो ना मी, बगू’ म्हणालेला असतो. ध्वनिमुद्रण ऐकलं की कळतं. बोली सगळ्यांची ठेवा, नाहीतर कुणाचीच नको. एकाची बोली आणि दुसऱ्याचं प्रमाण ठेवलं की वाचक त्यांची प्रतवारी करून मोकळा होतो.

बोलीतलं व्याकरण, शब्द आणि लय ठेवायची. केवळ उच्चार दाखवायला मोडून लिहिलेले शब्द कमी करायचे. ‘इचारलं’ ठेवते, कारण तो त्या बोलीतला शब्द आहे. अडखळणं, ‘म्हंजे म्हंजे’ हे काढते, कारण अडखळतो प्राध्यापकही, आणि त्याचं आपण कधीच छापत नाही. गोंडी, कोलामी, भिली अशा भाषांतून भाषांतर केलं असेल, तर ते ओबडधोबड मराठीत आणू नका. त्या भाषेत ती व्यक्ती अस्खलित बोलली होती.

१२. सगळ्यांची नावं बदलली आहेत. आता काळजी नाही ना?

आहे. आयर्लंडमधल्या एका खेड्यावर मानवशास्त्रज्ञ नॅन्सी शेपर-ह्यूज यांचं पुस्तक १९७९ मध्ये आलं. गावाला त्यांनी ‘बॅलीब्रॅन’ हे टोपणनाव दिलं होतं. खरं गाव लवकरच उघड झालं, आणि त्याहून वाईट म्हणजे गावातल्या माणसांनी पानापानावर एकमेकांना ओळखलं. वीस वर्षांनी त्या पुन्हा गेल्या तेव्हा गावाने त्यांना निघून जायला सांगितलं. २००१च्या नव्या आवृत्तीत त्यांनी हे सगळं लिहिलं आहे.

बाहेरच्या वाचकापासून लपवणं सोपं, शेजाऱ्यापासून लपवणं अवघड, आणि दुखावतो तो शेजारी. ‘धरणात उठलेलं गाव, गावठाणात भैरोबाचं देऊळ, बिनविरोध आलेली पहिली महिला सरपंच’ एवढं लिहून तिचं नाव ‘सुनंदा’ केलं तर तालुक्यात कुणाला कळणार नाही? मी लेखकाला यादी करायला सांगते: या माणसाबद्दलचे कोणते तपशील युक्तिवादाला लागतात आणि कोणते नुसते रंगासाठी आहेत. रंगाचे बदलता येतात. लागणारे बदलता येत नसतील आणि त्यांनी त्या माणसाचं नुकसान होणार असेल, तर प्रसंग सोडावा लागतो. दोन माणसांचं एक केलं असेल तर प्रस्तावनेत तसं स्पष्ट सांगा.

याची दुसरी बाजूही आहे. पुष्कळांना आपलं नाव हवं असतं. आयुष्यभर ‘कामवाल्या बाई’ म्हणून हाक ऐकलेल्या एका मावशींनी मला विचारलं होतं, ‘माझंच बोलणं नि माझंच नाव न्हाई व्हय?’ नाव लपवणं हासुद्धा त्यांच्या वतीने आपण घेतलेला निर्णय असतो. आधी विचारा.

१३. परवानगी तोंडी घेतली आहे, सही नाही. चालेल का?

कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन जमिनी गेलेल्या मुलखात कागद पुढे केला की माणूस गप्प होतो. त्यामुळे तोंडी परवानगी मी कमी दर्जाची मानत नाही, पण ती ध्वनिमुद्रित हवी आणि तीत पुस्तकाचा उल्लेख हवा. बोलायला दिलेला होकार आणि छापायला दिलेला होकार वेगळे. नाजूक मजकूर असेल तर छपाईआधी त्या माणसाला तो भाग वाचून दाखवा. मी वेळापत्रकात यासाठी तीन आठवडे धरते. लेखक कुरकुरतात, पण आजवर प्रत्येक वेळी निदान एक गंभीर चूक त्या वाचनात सापडली आहे.

१४. गावातल्या बायकांकडून ओव्या आणि गाणी गोळा केली आहेत. ती परंपरेची, म्हणजे कुणाचीच नाहीत ना?

पारंपरिक ओवीवर कुणा एकाचा लेखनहक्क सांगता येणार नाही. पण ती गाणाऱ्या बाईने त्या दिवशी जी गायली, तिला कलावंत म्हणून कायद्यात वेगळा हक्क आहे. तो ५० वर्षं टिकतो आणि त्यात कलावंत म्हणून ओळखलं जाण्याचा हक्कही येतो. सोबत ध्वनिमुद्रण देणार असाल तर हे आधी पाहा.

कायद्यापलीकडचा चांगला पायंडा आपल्याकडेच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या प्रसिद्ध होत आहेत, आणि तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. ‘एका वृद्धेने सांगितलेली ओवी’ असं मला हस्तलिखितात दिसलं की मी ते परत पाठवते. नाव विचारलं नव्हतं का, एवढंच लिहून.

१५. जुन्या इंग्रजी ग्रंथांतून उतारे घेतलेत. त्यातले जातींचे अपमानकारक उल्लेख ठेवू की काढू?

उतारा अवतरणचिन्हांत असेल तर शब्द बदलू नका, पुरावा पुसला जाईल. पण अवतरण संपल्यावर तुमच्या वाक्यात तो शब्द येता कामा नये, आणि तिथेच बहुतेक जण घसरतात. ब्रिटिशांच्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, आणि विमुक्त समाज तो दिवस पाळतो. तरी ‘पूर्वी चोऱ्या करणारी जमात’ हे वाक्य मी चालू दशकातल्या हस्तलिखितांत वाचलं आहे, खाली जिल्हा गॅझेटियरची तळटीप देऊन. गॅझेटियर हा पोलिसी राज्यकारभाराने काय मानलं त्याचा पुरावा आहे. लोक कसे होते याचा नव्हे. त्या जमातीतल्या माणसांनी स्वतः लिहिलेली आत्मकथनं मराठीत आहेत, आधी ती वाचा.

१६. माझ्या क्षेत्रकार्याच्या वह्या हरवल्या. पुस्तक सोडून देऊ?

सोडू नका. १९७० मध्ये स्टॅनफर्ड इथे लागलेल्या आगीत समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या म्हैसूरकडच्या गावावरच्या तयार नोंदींच्या तिन्ही प्रती जळाल्या. त्यांनी आठवणीतून लिहायला घेतलं, आणि १९७६ मध्ये आलेलं ते ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ (आठवणीतलं गाव) आज या विषयातल्या सर्वांत वाचनीय पुस्तकांपैकी आहे. त्यांनी स्मरणातून लिहितोय हे लपवलं नाही, शीर्षकातच सांगितलं. तुम्हीही सांगा. आकडे आणि अवतरणचिन्हांतली वाक्यं मात्र आठवणीतून देऊ नका.

१७. एका संस्थापकांचं आत्मचरित्र त्यांच्या नावाने लिहून द्यायचं काम आलंय. घ्यावं का? हक्क कुणाचा?

शब्दांकन हे सन्मानाचं काम आहे, माणसाला बोलतं करणं आम्हाला शिकवलेलं असतं. हक्काचं असं की तुम्ही त्यांचे नोकर नाही, स्वतंत्रपणे काम करता. त्यामुळे करारात स्पष्ट लिहिलं नसेल तर तुम्ही लिहिलेल्या मजकुराचे पहिले हक्कदार साधारणतः तुम्हीच. हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं कायदा धरतो. ‘शब्दांकन’ म्हणून आतल्या पानावर नाव मागा.

आता तिसरं माणूस. साखर कारखान्याच्या एका संस्थापकांच्या चरित्राच्या कच्च्या मजकुरात होतं, ‘त्या हंगामात ३०० कोयते आले.’ एक कोयता म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, नवरा-बायको मिळून एक. म्हणजे सुमारे ६०० माणसं, आणि त्यांची पोरं वेगळीच. मी संस्थापकांना विचारलं, त्यांच्या खोपी कुठे होत्या, पाणी कुठून आणायचे? ते बराच वेळ गप्प राहिले, मग दीड तास बोलले. चरित्रातलं ते सर्वांत चांगलं प्रकरण झालं.

१८. मुलाखतींची ध्वनिमुद्रणं एआयला देऊन लिप्यंतर करून घेतलं तर?

बोलणाऱ्याने तुम्हाला सांगितलं होतं, दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरला नाही. परवानगी घेताना हे सांगितलं नसेल तर नावं, गावं, आजार, कोर्टकचेऱ्या असलेलं ध्वनिमुद्रण चढवू नका. आपल्याच संगणकावर चालणारं साधन असेल तर कच्च्या मसुद्यापुरतं वापरा आणि प्रत्येक ओळ कानाने तपासा. बोलीतला अनोळखी शब्द ही साधनं ओळखीच्या शब्दाने बदलून टाकतात. प्रश्न ११ मध्ये जे सांभाळायला सांगितलं, ते नेमकं इथे हातचं जातं.

१९. लेखक ऐकतच नसेल तर?

पुस्तक लेखकाचं. शैलीवर मतभेद असेल तर मी दोनदा सांगते आणि सोडते. पण एखाद्या जिवंत माणसाला इजा होईल असा मजकूर राहणार असेल, तर प्रकाशकाला लेखी कळवते आणि ऋणनिर्देशातून नाव काढायला सांगते. आजवर दोनदा असं केलं. एकदा पैसे गेले, एकदा लेखकाने सहा महिन्यांनी फोन करून ते प्रकरण नव्याने लिहिलं.

२०. वडील शिक्षक होते. चाळीस वर्षं गावाच्या नोंदी ठेवल्या. आता ते नाहीत. आम्ही भावंडं पुण्यात आणि अमेरिकेत. वह्या छापता येतील का?

कायद्याने येतील. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. अवघड आहे ते पुढचं. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांची पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांकडच्या काळातली खासगी रोजनिशी ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने १९६७ मध्ये छापली. ज्या बेटकऱ्यांविषयी त्यांनी इतकं समजुतीने लिहिलं होतं, त्यांच्याबद्दल रागाचे आणि तुच्छतेचे उद्गार तीत निघाले. अभ्यासकांना त्याचा फायदा झाला, पण ज्यांच्याविषयी ते उद्गार होते त्यांना कुणी विचारलं नाही.

अशी एक पेटी माझ्याकडे आली होती, ११ वह्या. आम्ही तीन ढीग केले. पहिल्यात पाऊसपाणी, पिकं, बाजारभाव, यात्रा, पटसंख्या: हे जसंच्या तसं छापलं. दुसऱ्यात माणसांची वर्णनं, त्यांच्या मुला-नातवंडांना वाचून दाखवून त्यांच्या होकाराने घेतली, दोन घरांनी नको म्हटलं ती वगळली. तिसऱ्यात कुणाची भानगड, कुणाची सावकारी, कुणाचं दारूपायी मोडलेलं घर. गुरुजींनी ते स्वतःपुरतं लिहिलं होतं, आणि त्या ढिगातलं एकही पान छापलं नाही. तुमच्याकडे अशी पेटी असेल तर वह्या आधी उन्हात नको, सावलीत वाळवा, पानांचे फोटो काढून ठेवा, आणि मुलांपैकी ज्याला गावातली माणसं अजून नावाने ओळखतात त्याला सोबत घेऊन एकदा गावात जा. मला फोन त्यानंतर करा.